डाव्या हातातली आगगाडी

‘बुगीवुगी’ हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला तो १९९६ नंतर, सोनी वाहिनीवरच्या नाचाच्या स्पर्धेमुळे. शाळकरी मुलं नाचली, त्यांच्या आया नाचल्या आणि बुगीवुगी म्हणजे धमाल नाच, हे समीकरण पक्कं झालं. पण हा शब्द त्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी जुना आहे. पियानो वाजवण्याच्या एका पद्धतीचं ते नाव आहे. अमेरिकेतल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये, दारूच्या गुत्त्यांत आणि भाडं थकलेल्या बिऱ्हाडांत ही पद्धत वाढली. काही वर्षं तिने सबंध अमेरिकेला झपाटून टाकलं आणि मग जॅझच्या इतिहासात तिला एका कोपऱ्यात बसवण्यात आलं.

या पद्धतीच्या सर्वश्रेष्ठ वादकांपैकी एक होता मीड लक्स लुइस. त्याचं आयुष्य मला फार विलक्षण वाटतं. मोठ्या कलावंतांच्या चरित्रात हालअपेष्टा असतात, मग यश येतं आणि शेवट गोड होतो, अशी आपली एक समजूत असते. लुइसच्या बाबतीत यशही आलं आणि तेच त्याच्या पायातली बेडीही झालं. शिवाय, हे यश येण्याआधी तो जवळजवळ हरवलाच होता. एका माणसाने एक जुनी रेकॉर्ड ऐकून त्याचा शोध घेतला नसता, तर आज त्याचं नावही कोणाला ठाऊक नसतं.

त्याचं पूर्ण नाव मीड अँडरसन लुइस. जन्म सप्टेंबर १९०५ चा. तो वाढला शिकागो शहराच्या दक्षिण भागात, रेल्वेच्या रुळांलगतच्या एका घरात. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या गाड्या दिवसभर घरावरून जात आणि घर हादरत असे. दादरला किंवा कल्याणला रुळांशेजारच्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडी नुसती ऐकू येत नाही, ती अंगात भिनते. रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांचा ठेका झोपेतही चालू राहतो. त्यात मीडचे वडीलही रेल्वेतच होते, पुलमन कंपनीच्या शयनयानात पोर्टर म्हणून. प्रवाशांचे बिछाने घालायचे, बूट पुसायचे, सामान उचलायचं, असं ते काम. कृष्णवर्णीय माणसाला त्या काळी मिळू शकणाऱ्या बऱ्या नोकऱ्यांपैकी ती एक समजली जाई. वडील गिटार वाजवत. मुलाने व्हायोलिन शिकावं अशी त्यांची इच्छा होती आणि तो शिकतही होता. पण तो सोळा वर्षांचा असताना वडील गेले. त्याने व्हायोलिन खाली ठेवलं ते कायमचंच. त्याच्या मनात पियानो होता.

‘लक्स’ हे त्याचं टोपणनाव लहानपणीचं. त्या काळच्या चित्रमालिकांमधल्या अतिसभ्य फ्रेंच पात्रांची नक्कल करताना तो नसलेल्या दाढीवरून हात फिरवत असे. त्याचा तो थाट बघून मित्रांनी त्याला लक्झेंबर्गचा ड्यूक करून टाकलं. पुढे त्या ड्यूकचं आखूड होऊन ‘लक्स’ उरलं. या मित्रांमध्येच होता अल्बर्ट ॲमन्स. लुइसपेक्षा दोन वर्षांनी लहान. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. पियानोही ते जोडीनेच शिकले, ना शाळेत ना मास्तरांकडे. ऐकून, बघून आणि एकमेकांच्या चुका काढून.

ते ज्यांच्याकडून ऐकत होते, ती परंपरा दक्षिणेतून आलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेक्ससच्या पूर्व भागातल्या जंगलांत लाकूडतोडीच्या छावण्या होत्या. मजुरांच्या करमणुकीसाठी छावणीत एक खोपटं असे. तिथे दारूची पिंपं आणि एक खिळखिळा पियानो. एका छावणीतून दुसरीकडे रेल्वेने फिरणारे वादक रात्र रात्र तो बडवत. बरोबर ढोल नाही, साथीला कोणी नाही. पन्नास माणसांच्या गलक्यात एकट्याने नाचवायचं, तर पियानोकडूनच ढोलाचं काम करून घेतलं पाहिजे. म्हणून डावा हात ठेका धरून बसला. इंजिनाच्या गतीचा त्या ठेक्याशी फार जवळचा संबंध आहे, असं बहुतेक जाणकार मानतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं कामाच्या शोधात उत्तरेकडे निघाली, तसं हे संगीतही त्याच गाड्यांतून शिकागोला आलं.

शिकागोत त्याला नवं घर मिळालं ते भाड्याच्या पार्ट्यांमध्ये. दक्षिण शिकागोत कृष्णवर्णीयांना मोजक्याच मोहल्ल्यांत राहता येई आणि त्यामुळे घरमालक मागतील ते भाडं द्यावं लागे. महिनाअखेर भाड्याचे पैसे कमी पडले, की भाडेकरू आपल्याच बिऱ्हाडात पार्टी ठेवी. दारात थोडे पैसे घ्यायचे, आत डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि चोरटी दारू. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती, हे इथे लक्षात घ्यायला हवं. आणि पियानोवाला मात्र हवाच. पियानोवाला चांगला असेल तर माणसं जमत, माणसं जमली तर भाडं निघे. वादकाला खायला-प्यायला आणि वर थोडे पैसे. कोणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर वाचवणारी ही कला होती, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

या पार्ट्यांचा एक अनभिषिक्त गुरू होता जिमी यान्सी. लहानपणी तो नाटक कंपन्यांबरोबर नाचत-गात युरोपपर्यंत फिरून आला होता. पुढे मात्र त्याने पियानोवर पोट भरण्याचा नाद सोडला आणि शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर माळ्याची नोकरी धरली. सुमारे पंचवीस वर्षं त्याने ते गवत राखलं. संध्याकाळी तो पियानोवर बसे. लुइस आणि ॲमन्स त्याच्या घरी जाऊन ऐकत. यान्सीचं वाजवणं हळुवार होतं, थोड्या सुरांत पुष्कळ सांगणारं. डावा हात नुसता ठोकायचा नसतो, त्यालाही बोलकं करता येतं, हे या दोघांनी त्याच्याकडून घेतलं.

इथे थोडं थांबून हे वादन नेमकं असतं तरी कसं, ते सांगतो. तबल्याचं स्वतंत्र वादन आपण ऐकतो, तेव्हा हार्मोनियमवाला एकच लेहरा धरून बसलेला असतो. तो लेहरा फिरत राहतो आणि त्याच्या भरवशावर तबलजी हवं तसं धावतो, अडखळल्यासारखं करतो, समेवर येतो. बुगीवुगीत लेहरा धरणारा आणि खेळणारा एकच असतो. डावा हात म्हणजे लेहरा आणि उजवा हात म्हणजे तबलजी. आकृतिबंध ब्लूजचा, म्हणजे बारा खणांचं एक आवर्तन. सुरावटींचे तीनच मुख्य आधार. खणात मात्रा चार, पण डावा हात त्यात बहुधा आठ ठोके देतो. हे आवर्तन संपलं की पुन्हा पहिल्यापासून. डाव्या हाताला विश्रांती नाही आणि त्याने चुकायचंही नाही. उजव्या हाताने मात्र प्रत्येक फेरीत काहीतरी नवं करायचं. आपली दोन बोटं वेगवेगळ्या लयीत टेबलावर वाजवून पाहा, म्हणजे हे काम किती अवघड आहे याची कल्पना येईल.

लुइसने याच कसरतीतून एक आगगाडी उभी केली. तिचं नाव ‘हॉन्की टॉन्क ट्रेन ब्लूज’. डाव्या हातात चाकं. उजव्या हातात कधी शिट्टी, कधी घंटा, कधी सांधे बदलतानाची खडखड. दोन्ही हात वेगवेगळ्या मापांत चालतात, एकमेकांना तिरके छेद देतात आणि तरी गाडी रुळावरून घसरत नाही. नकला करणारे वादक पुष्कळ असतात. लुइस गाडीची नक्कल करत नाही. गाडीत बसलेल्या माणसाला जे जाणवतं, ते तो वाजवतो. मी ही रचना कितीतरी वेळा ऐकली आहे आणि दर वेळी पहिल्या काही क्षणांतच पाय आपोआप हलू लागतात. मनात मात्र कुठून तरी निघून जाण्याची एक हुरहूर दाटते. ज्यांचे आईवडील दक्षिणेतलं गाव कायमचं सोडून गाडीत बसले होते, त्या श्रोत्यांना तिच्यात काय ऐकू आलं असेल, याचा विचार मनात येतोच.

पण गाडी वाजवून पोट भरत नव्हतं. १९२४ च्या सुमारास लुइस आणि ॲमन्स दोघेही शिकागोतल्या एका टॅक्सी कंपनीत ड्रायव्हर होते. हे दोघे ज्या घरात पियानो दिसेल तिथे गुंततात आणि टॅक्सी बाहेर उभी राहते, हे मालकाच्या ध्यानात आलं. त्याने कंपनीच्याच खोलीत एक पियानो आणून ठेवला, निदान ड्रायव्हर कुठे आहेत ते तरी कळावं म्हणून! १९२८ साली त्यांच्याच इमारतीत, प्रेअरी ॲव्हेन्यूवर, आणखी एक बिऱ्हाड आलं. क्लॅरेन्स स्मिथ, सगळे त्याला पाइनटॉप म्हणत. पियानो होता एकट्या ॲमन्सकडे. तिघांनी तो वाटून घेतला. बुगीवुगीच्या तीन मोठ्या वादकांनी एका छपराखाली, एका पियानोवर रियाझ केला, ही गोष्ट कादंबरीत घातली तर खोटी वाटेल.

२९ डिसेंबर १९२८ रोजी पाइनटॉपने आपली ‘पाइनटॉप्स बुगीवुगी’ रेकॉर्ड केली. वाजवता वाजवता तो नाचणाऱ्यांना सूचना देतो, थांबवतो, पुन्हा नाचायला लावतो. या पद्धतीला बुगीवुगी हे नाव कायमचं चिकटलं ते या रेकॉर्डमुळे. ती चांगली खपली. पण अडीच महिन्यांनी, १५ मार्च १९२९ रोजी, शिकागोतल्या एका नाचघरात गोळी लागून पाइनटॉप गेला. वय अवघं चोवीस. मागे बायको आणि मूल.

लुइसची रेकॉर्ड त्याच्याही आधीची, डिसेंबर १९२७ ची. ती केली पॅरामाउंट कंपनीने. ही कंपनी मुळात विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. कारखाना ग्रामोफोनची लाकडी कपाटं बनवायचा आणि कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्डचा जोडधंदा. माल हलक्या दर्जाचा, तबकडी नवी असतानाच खरखरणारी. तरीही कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी त्यांनी जे रेकॉर्ड करून ठेवलं, त्याला आज सोन्याचं मोल आहे. लुइसची रेकॉर्ड त्यांनी लगेच बाजारात आणलीही नाही. आली तेव्हा मंदीचे दिवस सुरू होत होते. १९२७ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा कोटी रेकॉर्ड विकल्या गेल्या होत्या, १९३२ मध्ये हा आकडा साठ लाखांच्या आसपास घसरला. पॅरामाउंटचं ध्वनिमुद्रण बंद पडलं. लोकांकडे भाड्याला पैसे नव्हते, मग पार्टीत टाकायला कुठून येणार? लुइस मिळेल ते काम करू लागला. आपल्या त्या रेकॉर्डमुळे पुढे काही होईल, अशी आशा धरण्याचं त्याला काही कारणच नव्हतं.

पण त्या थोड्याशा प्रतींपैकी एक जॉन हॅमंड या तरुणाच्या हाती लागली. १९३१ च्या सुमाराची गोष्ट. हॅमंड न्यूयॉर्कचा, आईकडून व्हँडरबिल्ट या कुबेर घराण्यातला. व्हँडरबिल्टांची श्रीमंती ज्या रेल्वेवर उभी राहिली, ती न्यूयॉर्क सेंट्रलच. जिच्या गाड्या लुइसचं घर हादरवत होत्या, तिच्याच पैशावर वाढलेल्या मुलाने लुइसची आगगाडी ऐकली! हॅमंड येल विद्यापीठ अर्धवट सोडून आलेला होता आणि जॅझने पुरता झपाटलेला. पुढे बिली हॉलिडे, काउंट बेसी आणि कितीतरी वर्षांनी बॉब डिलन यांना पुढे आणणारा हाच तो गृहस्थ. त्याने लुइसची चौकशी सुरू केली. कोणालाच पत्ता नाही. चार वर्षं तो विचारत राहिला. अखेर १९३५ मध्ये शिकागोच्या एका क्लबात त्याची गाठ अल्बर्ट ॲमन्सशी पडली आणि ॲमन्सने आपल्या मित्राचा पत्ता सांगितला. लुइस दक्षिण शिकागोत मोटारी धुण्याचं काम करत होता.

त्या भेटीचा प्रसंग अनेकांनी रंगवून सांगितला आहे. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की हॅमंडने त्याला लगेच पुन्हा रेकॉर्डिंगला बसवलं. नोव्हेंबर १९३५ मध्ये ‘हॉन्की टॉन्क ट्रेन ब्लूज’ दुसऱ्यांदा मुद्रित झाली, तीही इंग्लंडच्या पार्लोफोन कंपनीसाठी. स्वतःच्या देशात अजून तिला फारशी किंमत नव्हती. पुढच्याच वर्षी लुइसने ‘यान्सी स्पेशल’ रेकॉर्ड केली. तिच्यातला डाव्या हाताचा ठेका गुरूचा, म्हणून नावही गुरूचं. जिमी यान्सीची स्वतःची रेकॉर्ड तेव्हा निघालेलीच नव्हती. ती निघायला १९३९ उजाडलं.

मग आली २३ डिसेंबर १९३८ ची रात्र. न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल हे अभिजात पाश्चात्त्य संगीताचं मोठं देवस्थान. तिथे हॅमंडने कृष्णवर्णीय संगीताचा सबंध प्रवास दाखवणारा कार्यक्रम ठरवला, भजनांपासून थेट जॅझपर्यंत. गर्दी इतकी, की रंगमंचावरही खुर्च्या टाकाव्या लागल्या. त्यात लुइस, ॲमन्स आणि कॅन्सस सिटीहून आलेला पीट जॉन्सन असे तीन बुगीवुगीवाले बसले. जॉन्सनबरोबर त्याचा गायक मित्र बिग जो टर्नर. भाड्याच्या पार्टीतलं संगीत झुंबरांखाली आलं आणि सभागृह हलून गेलं. याच सुमारास न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात कॅफे सोसायटी नावाचा क्लब एका तळघरात उघडला होता. काळे आणि गोरे श्रोते तिथे शेजारीशेजारी बसू शकत, हे त्या काळात मोठं धाडस होतं. हे तिघे तिथे वाजवू लागले. त्याच क्लबात बिली हॉलिडे गात होती.

कार्नेगी हॉलच्या गर्दीत बर्लिनहून आलेला एक निर्वासित तरुण होता, आल्फ्रेड लायन. ऐकलं ते त्याच्या डोक्यातून जाईना. बरोबर दोन आठवड्यांनी, ६ जानेवारी १९३९ रोजी, त्याने ॲमन्स आणि लुइसला एका स्टुडिओत बोलावलं आणि दोघांच्या रेकॉर्ड केल्या. त्यांतून जी कंपनी जन्मली, ती ब्लू नोट. आर्ट ब्लेकी, हर्बी हॅनकॉक आणि जॉन कोल्ट्रेनची १९५७ सालची ‘ब्लू ट्रेन’ ज्या कंपनीने काढली, तीच ही. जॅझच्या जगात ब्लू नोटचं नाव आजही आदराने घेतलं जातं, पण तिची पायाभरणी दोन माजी टॅक्सी ड्रायव्हरांच्या डाव्या हातांनी केली, हे मात्र सहसा आठवलं जात नाही.

त्यानंतर बुगीवुगीचं वेड पसरलं. टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदाने पाइनटॉपची रचना मोठ्या बॅंडवर वाजवली आणि ती लाखांनी खपली. १९४१ मध्ये अँड्र्यूज सिस्टर्सनी बिगूलवाल्या शिपायाचं बुगीवुगी गाऊन सैन्यालाही डोलायला लावलं. डच चित्रकार मोंड्रियान युद्धामुळे न्यूयॉर्कला आला आणि या संगीताच्या नादाने त्याने ‘ब्रॉडवे बुगीवुगी’ हे चित्र रंगवलं. घरोघरी मुलं शिकवणीच्या पुस्तकातून डावा हात घोटू लागली. जो तो बुगीवुगी करू लागला, त्यात कशाचाही बुगीवुगी होऊ लागला.

याच टप्प्यावर लुइसच्या आयुष्यातली खरी अडचण सुरू झाली, असं मला वाटतं. तो केवळ आगगाडीवाला नव्हता. ६ जानेवारीच्या त्या बैठकीत त्याने ब्लूजवर एक दीर्घ, संथ, अनेक भागांची रचना वाजवली होती. नाचणाऱ्यांसाठी ती नव्हतीच, रात्री उशिरा एकट्याने स्वतःशी बोलावं तशी होती. घंटेसारखा नाजूक स्वर असलेलं सेलेस्टा हे वाद्य त्याने ब्लूजसाठी वापरलं. १९४१ मध्ये क्लॅरिनेटवादक एडमंड हॉल आणि अवघ्या पंचविशीत वारलेला अद्भुत गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांच्याबरोबरची त्याची सेलेस्टाची रेकॉर्ड ऐकली, की ठोकाठोकीचा आरोप करणाऱ्यांचं तोंड बंद व्हावं. बाखच्या काळातल्या हार्पसिकॉर्डवरही त्याने ब्लूज वाजवून पाहिले. पण गिऱ्हाईक त्यासाठी येत नव्हतं. गिऱ्हाइकाला हवी होती ती गाडी, आधीपेक्षा वेगाने आणि आधीपेक्षा मोठ्याने. एखाद्या गायकाला जन्मभर एकाच नाट्यपदाची फर्माईश व्हावी, तसं त्याचं झालं.

१९४१ मध्ये तो लॉस एंजलिसला राहायला गेला. सिनेमात लहानसहान कामं मिळाली. फ्रँक काप्राचा १९४६ सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा चित्रपट अमेरिकेत नाताळच्या दिवसांत अजूनही घराघरात बघितला जातो. त्यात नायक जन्मलाच नसता तर गाव कसं बिघडलं असतं, हे दाखवणारा भाग आहे. बिघडलेल्या गावातल्या गोंगाटी गुत्त्यात जो पियानोवाला दिसतो, तो लुइस. नामावलीत त्याचं नाव नाही. कोट्यवधी लोकांनी त्याला पाहिलं आहे, पण कोण ते न कळता. आणि त्याचं संगीत तिथे आलं आहे ते गावाच्या अधोगतीची खूण म्हणून.

संगीताच्या मालकीचा प्रश्नही याच काळात उभा राहिला. ‘यान्सी स्पेशल’चे हक्क असलेल्या प्रकाशकाने, त्यातला डाव्या हाताचा ठेका एका नव्या रेकॉर्डमध्ये चोरला म्हणून दावा लावला. १९५० मध्ये इलिनॉयच्या संघीय न्यायालयाने तो फेटाळला. एवढ्या साध्या ठेक्यावर कोणाची मालकी असू शकत नाही आणि कॉपीराइट न घेता रेकॉर्ड बाजारात विकली तेव्हाच ते संगीत सार्वजनिक झालं, असा निकालाचा मथितार्थ होता. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. परंतु ज्यांना स्वरलिपी येत नव्हती, वकील परवडत नव्हते आणि रेकॉर्ड हीच ज्यांची वही होती, त्या सगळ्या वादकांच्या आयुष्याची कमाई या एका तर्काने रस्त्यावर आली. तोच ठेका पुढच्या दहा वर्षांत साऱ्या जगाने वापरला.

जुने सोबती एकेक करून गेले. अल्बर्ट ॲमन्स जानेवारी १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या शपथविधीच्या सोहळ्यात वाजवून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वारला. जिमी यान्सी १९५१ मध्ये गेला. पीट जॉन्सन बफेलो शहरात स्थायिक झाला आणि पन्नाशीच्या दशकात एका आइस्क्रीम कंपनीचे ट्रक धुऊ लागला. कार्नेगी हॉलच्या आधी लुइस गाड्या धुत होता, कार्नेगी हॉलच्या नंतर जॉन्सन. लुइस मात्र वाजवत राहिला, लहान हॉटेलांत, उपाहारगृहांत, गावोगाव. मिनियापोलिसजवळच्या एका उपाहारगृहात त्याचा मुक्काम होता. ७ जून १९६४ च्या पहाटे कार्यक्रम संपवून तो गाडीने निघाला आणि मागून भरधाव आलेल्या मोटारीने धडक दिली. तो जागीच गेला. वय अठ्ठावन्न.

जॅझच्या इतिहासात बुगीवुगीला जागा किती? जाडजूड ग्रंथांत बहुधा काही पानं. त्याची कारणं समजण्यासारखी आहेत. जॅझ पुढे पुढे जात राहिलं, सुरावटी गुंतागुंतीच्या झाल्या आणि बारा खणांत फिरणारी ही पद्धत मागे पडली. तिला फार वाट नव्हती, हे मलाही मान्य आहे. पण रुळ सरळ असले म्हणून गाडी कुठे पोचतच नाही, असं थोडंच आहे? काउंट बेसी आणि मेरी लू विल्यम्स यांनी हा ठेका मोठ्या वाद्यवृंदात नेला. ऑस्कर पीटरसनसारख्या जॅझ पियानोच्या बादशहाच्या १९४५ मधल्या पहिल्या रेकॉर्ड बुगीवुगीच्या रंगाच्या होत्या. आंधळ्या रे चार्ल्सने पोरवयात शेजारच्या दुकानातल्या पियानोवर पहिल्यांदा गिरवलं ते बुगीवुगीच. आणि पीट जॉन्सन व जो टर्नर यांनी कार्नेगीच्या कार्यक्रमानंतर आठवडाभरात जी रेकॉर्ड केली, तिच्यात पंधरा वर्षांनी येणारं रॉक अँड रोल जवळजवळ पूर्ण तयार आहे. फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड, जेरी ली लुइस या सगळ्यांचा डावा हात शिकागोच्या त्या बिऱ्हाडांतूनच आला.

त्या लाटेचं पाणी आपल्या किनाऱ्यालाही लागलं. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत आले. त्यांतले चिक चॉकलेट हे आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत. अण्णांनी १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ बांधलं ते रॉक अँड रोलच्या चालीवर. ते गाणं लागलं की घरातलं पोर आणि आजोबा दोघेही ताल धरतात. त्या तालाचं आडनाव शोधत मागे गेलं, तर वाट शिकागोच्या रुळांपाशी जाते.

म्हणून वाचकांना माझी एक शिफारस आहे. लुइसची १९२७ सालची ती पहिली रेकॉर्ड आज सहज ऐकायला मिळते. फक्त तीन मिनिटांची आहे. खरखर भरपूर आहे, ती थोडी सोसावी. त्या खरखरीच्या पलीकडे बावीस वर्षांचा एक टॅक्सी ड्रायव्हर बसला आहे. हॅमंड, कार्नेगी हॉल, ब्लू नोट, यांतलं काहीच अजून घडलेलं नाही. खुर्च्या विकणाऱ्या कंपनीने त्याला तीन मिनिटं दिली आहेत आणि तेवढ्यात त्याने आपलं सगळं आयुष्य वाजवून टाकलं आहे. पहिल्यांदा ऐकताना नुसता डाव्या हाताकडे कान द्यावा. उजवा हात मग आपला आपण कळतो.